बऱ्हाणपूरचा दस्तरखान

घरची माणसे एकत्र जमली म्हणजे जेवणात एखादा तरी पदार्थ असा लागतो की, जो एकट्या माणसाला संपविता येऊ नये. रोजच्या जेवणात प्रत्येकाची पोळी निराळी, वाटी निराळी, भाताची मूद निराळी. मेजवानीत मात्र काहीतरी एक मोठे असावे लागते. ते सर्वांसमक्ष आणले जावे, त्याचे भाग पडावेत, आणि ज्याचा वाटा त्याच्या पानात पोहोचावा, ही रीत पृथ्वीच्या पाठीवर पुष्कळ ठिकाणी आढळते. पदार्थ तेवढा बदलतो. इंग्रजांच्या घरी हा मान भाजलेल्या गोमांसाच्या मोठ्या तुकड्याला मिळाला. तापीकाठच्या बऱ्हाणपुरात तो मांड्याला मिळाला. तिकडे मांस अखंड राहिले आणि पाव लहान झाला. इकडे मांसाचे तुकडे झाले आणि पोळी हातभर वाढली. हा फरक का पडला असावा, याचा शोध घेऊ लागले म्हणजे मोगलांचा मुदपाकखाना, चालुक्यांचा पाकग्रंथ, आपली मुक्ताबाई आणि एक भयंकर दुष्काळ अशी चार दालने एकामागून एक उघडत जातात.

आरंभ इंग्रजांच्या पदार्थापासून करू. रविवारी प्रार्थना आटोपून कुटुंब टेबलाभोवती जमले, की मध्यभागी भाजलेल्या मांसाचा तुकडा येई आणि घरचा कर्ता पुरुष सुरीने त्याचे पातळ काप काढी. आज हा पदार्थ ओव्हनमध्ये होतो; परंतु ही सोय फार जुनी नाही. त्यापूर्वी शतकानुशतके मांस लोखंडी शिगेला टोचून धगधगत्या विस्तवापुढे फिरवीत ठेवीत. शीग तासन् तास फिरवायची कोणी? श्रीमंतांच्या घरी त्यासाठी पोरे असत. पुढे पुढे तर भिंतीवरच्या चाकात आखूड पायांचे कुत्रे धावावयास लावून त्या चाकाने शीग फिरविली जाई. माणसाच्या मेजवानीसाठी कुत्र्याने घाम गाळावा, असा तो काळ होता.

कृती म्हणाल तर साधी आहे. मांसाला मीठ, मिरी, लसूण आणि रोझमेरी, थाइम अशा सुगंधी पाल्याचे वाटण चोळावयाचे, आधी प्रखर आचेवर बाहेरचा भाग तांबूस करावयाचा, मग आच उतरवून आतपर्यंत शिजू द्यावयाचे. विस्तवावरून काढल्यावर लगेच कापावयाचे नाही. थोडा वेळ निवू दिले म्हणजे रस आतच मुरतो. काप काढावयाचे तेही मांसाच्या धाग्याला आडवे, म्हणजे दाताखाली चिवट लागत नाहीत. यातला थाइमचा पाला आपल्याला वाटतो तितका परका नाही. त्याच्या वासाचे जे मुख्य द्रव्य, ते थायमॉल, आपल्या ओव्यातही असते. ओवा चोळून हुंगला की या परदेशी पाल्याची अर्धी ओळख होऊन जाते.

असला मांसाचा तुकडा खात वाढलेला एक इंग्रज गृहस्थ नोव्हेंबर १६१५ मध्ये बऱ्हाणपुरात येऊन दाखल झाला. त्याचे नाव सर टॉमस रो. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील म्हणून तो जहांगिराच्या दरबारी निघाला होता आणि सुरतेहून वर जाताना बऱ्हाणपूर वाटेवर लागले. त्या वेळी बऱ्हाणपूर हे मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे ठाणे होते. शाहजादा परवेझ नावाचा मालक आणि अब्दुर्रहीम खानखानान हा खरा कर्ता, अशी तेथील व्यवस्था होती. रोला कोतवालाने जी जागा उतरावयास दिली, तिचे दर्शनी बांधकाम चांगले होते. आतल्या खोल्या मात्र विटांच्या, वरून गोल, आणि आकाराने भट्टीएवढ्या निघाल्या, अशी तक्रार त्याने आपल्या रोजनिशीत केली आहे. परवेझाशी भेट झाली, तेव्हा रोने मद्याच्या बाटल्यांची पेटी नजर केली. शाहजाद्याने ती त्याच दिवशी जवळ केली आणि पुढचे बोलणे राहून गेले. वकिलाने राजकारण करावयास यावे आणि नजराण्यानेच ते बुडवावे, असा हा प्रसंग.

रोच्या पाठोपाठ त्याचा धर्मोपदेशक म्हणून एडवर्ड टेरी हा तरुण पाद्री आला. त्याला खाण्यापिण्याकडे बघण्याची नजर होती. पुढे १६५५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात तो लिहितो की, या देशात मांस भाजण्याची रीत थोडी, शिजवण्याची फार. आपल्या देशाप्रमाणे गोमांसाच्या वा बकऱ्याच्या मांसाच्या भरल्या थाळ्या येथे कोणी पुढे ओढीत नाही; भाताबरोबर मांसाचे तुकडे शिजवून खातात. आसफखानाने रोला आपल्या प्रशस्त तंबूत मेजवानी दिली, त्या वेळी वाढलेल्या अनेक पदार्थांपैकी एकाची चव टेरी जन्मभर विसरला नाही. हरणाच्या मांसाचे काप, त्यांत कांदा, सुगंधी पाला, काही मुळे, थोडा मसाला आणि लोणी. नावाच्या उच्चारावरून तो आपला दोप्याजाच होय. बायबलात याकोबाने वडिलांना जेवू घालून आशीर्वाद मिळविला, तो पदार्थ बहुधा हाच असावा, असे त्या पाद्रीबुवांना वाटले. गोमांस भाजून खाणाऱ्या देशाचा माणूस एका शिजवलेल्या मांसापुढे शरण गेला, ही लहानशी घटना नव्हे.

आता प्रश्न असा की, मांसाचा अखंड तुकडा भाजण्याची रीत या देशात प्रमुख का झाली नाही? मला याची तीन कारणे दिसतात. एक तर हवा. इंग्लंडच्या थंडीत मोठ्या जनावराचे मांस टांगून ठेवता येते. खानदेशच्या उन्हाळ्यात ते त्याच दिवशी शिजवावे लागते. दुसरे म्हणजे बैठक. येथे माणसे दस्तरखानाभोवती बसून उजव्या हाताने जेवतात. हाती सुरी नसते, तेव्हा मांस वाढण्यापूर्वीच घासाएवढे झालेले बरे. तिसरे कारण गोवंशाविषयीच्या भावनेचे. मोठा भाजलेला तुकडा म्हणजे बहुतेक मोठ्या जनावराचा तुकडा. आणि येथील बहुसंख्य समाजाला ते मान्य नव्हते. राज्यकर्त्यांनाही याची जाण होती. अकबराच्या कारकिर्दीत गोवधास मनाई झाल्याचे बदायूनीने नोंदविले आहे, आणि बदायूनी हा काही अकबराचा स्तुतिपाठक नव्हे. आज मध्य प्रदेशात २००४ च्या कायद्याने गोवंशाच्या वधाला बंदी आहे. महाराष्ट्रातील १९७६ चा कायदाही २०१५ साली अधिक कडक झाला. तेव्हा बऱ्हाणपूरच्या मेजवानीचा विचार करताना गोमांसाचा तुकडा नजरेपुढून बाजूला ठेवावा लागतो.

आपल्या शेजारी तो पदार्थ खऱ्या अर्थाने रुजला तो गोव्यात. तेथील ख्रिस्ती कुटुंबांत सणासमारंभाला ‘असाद’ करतात. हा शब्द पोर्तुगीज, अर्थ भाजलेला. परंतु कृती पाहावी तर त्या शब्दाचे पूर्ण भारतीयीकरण झालेले दिसते. मांसाला आले, लसूण, मिरी, लवंग, दालचिनी आणि आंबट पदार्थ चोळून मुरत ठेवतात, झाकणाच्या भांड्यात मंद आचेवर शिजवितात, पाणी आटले की त्याच भांड्यात तांबूस करतात आणि निवल्यावर पातळ काप काढतात. घरोघर ओव्हन नव्हता, म्हणून भांडेच ओव्हन झाले.

ही युक्ती मोगलांच्या मुदपाकखान्यातही होती. तिचे नाव दमपुख्त. भांड्याचे तोंड बंद करावयाचे आणि मांस त्याच्याच वाफेवर शिजू द्यावयाचे. अबुल फजलाने आईन-ए-अकबरीत दमपुख्ताचे प्रमाणच देऊन ठेवले आहे: दहा शेर मांस, दोन शेर तूप, एक शेर कांदा, आणि त्या मानाने आले, मिरी, लवंग व वेलदोडे. त्याच यादीत ‘बिर्यान’ नावाचा पदार्थ आहे. आपण आज ज्याला बिर्याणी म्हणतो तो हा नव्हे. हे अख्खे मेंढरू आहे. त्यास मीठ, तूप, केशर, लवंग, मिरी व जिरे लावावयाचे. म्हणजे अखंड भाजण्याची कला शाही स्वयंपाक्यांना अवगत होती. पण ती मेंढरावर थांबली, आणि तीही अनेक पदार्थांतील एक म्हणून राहिली. यादीचा आरंभ तर बिनमांसाच्या पदार्थांनी होतो. स्वतः अकबराला मांसाची विशेष गोडी नव्हती आणि वर्षातील पुष्कळ दिवस तो ते वर्ज्य करी.

याच ग्रंथात भाकरीविषयी एक लहानशी नोंद आहे आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे. बादशहाच्या भटारखान्यात एक मोठी भाकरी तंदुरात भाजली जाई. तिला दहा शेर पीठ, पाच शेर दूध, दीड शेर तूप आणि पाव शेर मीठ लागे. दहा शेर पिठाची एक भाकरी! जेथे मांसाचे तुकडे घासाएवढे झाले, तेथे मोठेपणाचा मान भाकरीकडे कसा सरकला, याचा हा लेखी पुरावा म्हणावयास हरकत नाही.

अबुल फजलाला दक्षिणेचा परिचय केवळ कागदोपत्री नव्हता. १५९९ साली तो दक्षिणच्या मोहिमेवर आला. १६०० साली अकबर स्वतः बऱ्हाणपुरात उतरला आणि १६०१ च्या आरंभी असीरगड पडून फारुकी सुलतानांची दोन शतकांची सत्ता संपली. या मोहिमेतील अबुल फजलाच्या पंगतीचे वर्णन अठराव्या शतकातील मआसिर-उल-उमरा या चरित्रग्रंथात आहे. एका भव्य तंबूत रोज एक हजार थाळ्या अमीर-उमरावांत वाटल्या जात. संख्येत अतिशयोक्ती असेल; दरबारी चरित्रकारांचे शून्य नेहमीच सैल असते. परंतु खरी गोष्ट पुढे आहे. त्या तंबूशेजारी दुसरा एक तंबू असे. तेथे दिवसभर खिचडी शिजत राही, आणि जो येईल त्याला, श्रीमंत असो वा गरीब, ती वाढली जाई. पहिल्या तंबूने वैभव दाखविले. दुसऱ्या तंबूने माणुसकी. मेजवानीचे मोल मला या दुसऱ्या तंबूवरून करावेसे वाटते.

आता मांड्याकडे वळू. बऱ्हाणपुरात लग्नकार्य असो की घरगुती मेळावा, मांसाच्या सालनाबरोबर मांडे हवेतच. गव्हाच्या पिठाचा मऊ, लवचीक गोळा घेऊन कारागीर तो या हातावरून त्या हातावर झेलत झेलत वाढवितो. बघता बघता तो रुमालासारखा पातळ होतो आणि मग पालथ्या घातलेल्या तापल्या कढईवर अलगद पसरला जातो. भाजावयास फार वेळ लागत नाही. काढून घडी घातली की मांडा तयार. एक मांडा अनेकांना पुरतो. चौघे जण त्याच्या कडा तोडतात आणि मधले सालन त्या तुकड्यांनी टिपतात. गावात अशी कथा सांगतात की, मोगलांच्या छावणीत हजारो शिपायांना झटपट जेवू घालण्यासाठी ही मोठी पोळी निघाली.

कथा गोड आहे आणि मांड्याचा प्रसार छावणीमुळे झाला असेल, हेही मी मान्य करीन. परंतु जन्माचा दाखला काही तेथला नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास मानसोल्लास हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या भोजनाच्या प्रकरणात ‘मंडक’ आहे. गव्हाच्या पिठाचे गोळे करून, ते हातांनी वाढवून, तापलेल्या खापरावर टाकून भाजण्याची ती कृती आहे. त्याच ग्रंथात मांसाच्या तुकड्यांना भोके पाडून, मसाला लावून, शिगेवर ओवून निखाऱ्यावर भाजण्याचा ‘भडित्रक’ हा प्रकारही आहे. म्हणजे बाबर हिंदुस्थानात येण्यापूर्वी जवळजवळ चारशे वर्षे दक्षिणेतील एका राजाच्या पानात भाजलेले मांस आणि हातावर वाढविलेला मांडा, दोन्ही होते.

मराठी माणसाला तर मांड्याची ओळख करून द्यावी लागत नाही. मांडे आपण मनातही खातो! ज्ञानेश्वरांना मांडे खावेसे वाटले, मुक्ताबाई खापर आणावयास कुंभाराकडे गेली आणि विसोबा चाटीने ते तिला मिळू दिले नाही. तेव्हा ज्ञानेश्वरांनी योगाग्नीने पाठ तापविली आणि तिने त्या पाठीवर मांडे भाजले, ही कथा आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी इतिहासाला त्यात एक गोष्ट सापडते. मांडे हे पालथ्या, फुगीर पृष्ठभागावर भाजावयाचे असतात, ही समजूत कथा रचणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मनात इतकी पक्की होती की, पाठीची उपमा कोणालाही खटकली नाही. ती मुक्ताबाई १२९७ साली तापीकाठीच गुप्त झाली, असे परंपरा सांगते. बऱ्हाणपुराहून तापीच्या ओघाबरोबर खाली गेले की आजचा मुक्ताईनगर तालुका लागतो. तेथल्या आणि साऱ्या खानदेशच्या घरांत आजही पालथ्या खापरावर पुरणाचे मांडे होतात. नदीच्या वरच्या अंगाला तोच मांडा लोखंडी कढईवर भाजला जातो आणि मांसाच्या रश्शात बुडतो. खालच्या अंगाला तो खापरावर भाजला जातो आणि पुरणाने भरतो. पाणी एकच, पीठ एकच, हाताची युक्तीही एकच.

ज्यांना याचे नवल वाटेल त्यांनी बऱ्हाणपूरची जामा मशीद पाहावी. फारुकी सुलतान राजा अलीखान याने ती बांधविली. तिच्या आत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत शिलालेख आहे. त्यात शक १५११ हा काळ आणि राजवंशाची परंपरा देवनागरी अक्षरांत कोरलेली आहे. ज्या नगराने आपल्या मशिदीच्या भिंतीवर दोन भाषांना जागा दिली, त्याच्या दस्तरखानावर सोमेश्वराचा मंडक आणि मोगलांचे सालन शेजारी बसले, यात नवल ते काय!

या दस्तरखानाची खरी परीक्षा मात्र १६३० साली झाली. शाहजहान दक्षिणच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरात मुक्कामाला होता. त्या वर्षी गुजरात, खानदेश आणि दक्षिणेत पावसाने दगा दिला. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी त्या हिवाळ्यात सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास गेला. वाटेवर पडलेली प्रेते आणि ओस गावे यांची त्याने केलेली नोंद वाचवत नाही. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी हा बादशहाच्या वैभवाचा भाट. पण तोही लिहितो की, लोक भाकरीच्या तुकड्यासाठी जीव विकावयास निघाले आणि कुत्र्याचे मांस बकऱ्याचे म्हणून विकले गेले. जेथे हरणाच्या मांसाचे काप लोण्यात परतले जात, तेथे ही वेळ आली होती.

शाहजहानने बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत येथे लंगर उघडण्याचा हुकूम दिला. तेथे रोज शोरबा आणि भाकरी यांचे वाटप होई. शिवाय बादशहाचा मुक्काम असेपर्यंत दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांना वाटले जात. सोमवार का, तर तो त्याच्या राज्यारोहणाचा वार. असे वीस सोमवार भरले आणि एक लाख रुपये गेले. मृत्यूच्या त्या लाटेपुढे ही रक्कम किती अपुरी पडली असेल, हे सांगावयास नको. तरीही लंगरात काय वाढले, याकडे लक्ष द्या. शोरबा आणि भाकरी. मेजवानीतले सालन पातळ केले की शोरबा होतो. भाकरी तोडली की एकाच्या चौघांना पुरते. भाजलेल्या मांसाच्या अखंड तुकड्यात ही लवचीकता नाही. चार पाहुणे अधिक आले तर कर्त्या पुरुषाने काप अधिक पातळ करावेत, इतकाच उपाय. मांड्याचे आणि सालनाचे जेवण घराचे असते, तसेच ते छावणीचे होऊ शकते आणि वेळ पडली तर दुष्काळाचेही.

त्याच दुष्काळात, १७ जून १६३१ रोजी, मुमताजमहल बऱ्हाणपुरात बाळंतपणात मरण पावली. तापीपलीकडच्या जैनाबादेत, आहूखान्याच्या बागेत तिला तात्पुरते दफन केले आणि काही महिन्यांनी तिचे अवशेष आग्र्यास नेले. आहू म्हणजे हरीण. आहूखाना हे शाही मृगवन. ज्या राखीव रानातून बादशाही दस्तरखानाची हौस भागावयाची, त्याच रानाने सम्राज्ञीला विसावा दिला. ताजमहाल पाहावयास जग आग्र्याला जाते. ती आठवण जेथून निघाली, त्या गावातली हजारो अनाम माणसे त्याच दोन वर्षांत भुकेने गेली. त्यांच्यासाठी कोणी संगमरवर कापला नाही.

पुढे बऱ्हाणपूर निजामाकडे गेले, १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर पेशव्यांकडे आले, मग शिंद्यांकडे आणि शेवटी इंग्रजांकडे. इंग्रजांबरोबर रविवारचा भाजलेला तुकडा देशभरच्या छावण्यांत आणि क्लबांत आला, आणि त्यांच्याबरोबरच बहुतांशी गेला. मांडा कोणाच्या बरोबर आला नव्हता, म्हणून तो कोणाच्या बरोबर गेलाही नाही. २००३ साली बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला. मांडे झेलणारे हात तेथे अजून आहेत; बघणारा क्षणभर थबकतोच.

इतिहासात लढाया आणि तह यांना जागा मिळते, जेवणाला सहसा मिळत नाही. परंतु एखादा समाज पाहुण्याकडे कसा पाहतो, हे तहनाम्यापेक्षा त्याच्या पंगतीवरून लवकर कळते. मोठा तुकडा भाजून मध्ये ठेवणारे कुटुंब आपल्या माणसांची मोजदाद करून बसते. मोठी पोळी मध्ये ठेवणारे कुटुंब दाराकडे एक डोळा ठेवून बसते. उशिरा आलेल्याला एक कड तोडून देता येते. घरी दहा माणसे जमणार असतील तेव्हा काय शिजवावे, हा ज्याच्या त्याच्या घराचा, धर्माचा आणि आवडीचा प्रश्न आहे. मात्र अकराव्या माणसासाठी काय उरेल, याचा विचार अबुल फजलाच्या छावणीने चारशे वर्षांपूर्वी केला होता. तेवढा तरी आपण करावा.